महाधमनीच्या कड्यात अडकलेली श्वासनळी : एका नवजात मुलीच्या श्वसनचाचणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही मुलगी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि आमच्या चुका जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. आई-वडील दोघेही ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्यानंतर टोळी कारखान्याच्या पट्ट्यात गेली, तेव्हा आईला सहावा महिना लागला होता. चौथ्या महिन्यातली एक सोनोग्राफी सोडली, तर गर्भाची दुसरी तपासणी झालेली नव्हती. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान व्यंग शोधण्यासाठी जी सोनोग्राफी करतात, ती मूग-उडदाच्या काढणीत राहून गेली. त्या सोनोग्राफीत छातीच्या वरच्या भागातील मोठ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनळी एकाच आडव्या छेदात पाहिल्या जातात, आणि महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, कमान श्वासनळीच्या कोणत्या बाजूने जाते हे जाणकार डोळ्यांना तेथेच दिसू शकते.

डिसेंबरच्या अखेरीस आई माहेरी परतली आणि जानेवारीत ग्रामीण रुग्णालयात तिची सरळ प्रसूती झाली. गर्भाचे ३८ आठवडे पूर्ण होते, वजन २ किलो ७०० ग्रॅम होते, बाळ लगेच रडले आणि पहिल्या तासात अंगावर प्यायले. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी गेल्या. चौथ्या दिवसापासून आजीला घरघर ऐकू येऊ लागली. सातव्या दिवसाच्या गृहभेटीला आलेल्या आशाताईंनी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ते ६४ भरले. साठ किंवा त्याहून अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण असल्याचे त्यांना शिकवलेले होते, म्हणून त्यांनी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावली. या सगळ्या प्रकरणात पहिला अचूक निर्णय आशाताईंचा होता, हे आरंभीच नमूद करतो.

समस्या

नवजात शिशू अतिदक्षता कक्षात छातीचा एक्स-रे काढला गेला, न्यूमोनिया समजून प्रतिजैविके सुरू झाली आणि नळीने दूध देण्यात आले. श्वासाचा वेग थोडा उतरला, घरघर मात्र तशीच राहिली. अकराव्या दिवशी झालेल्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात हृदयाची रचना सामान्य असल्याचे लिहिले होते. महाधमनीची कमान डावीकडे की उजवीकडे, याचा त्यात उल्लेख नव्हता. बाराव्या दिवशी बाळ आमच्या अध्यापन रुग्णालयात आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘लॅरिंगोमलेशिया असावा’ असे लिहिलेले होते.

लॅरिंगोमलेशिया म्हणजे स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असल्यामुळे श्वास आत घेताना तो आत ओढला जाणे. नवजात बाळाच्या घरघरीचे हे सर्वांत नेहमीचे कारण असून बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर आपोआप बरी होतात. त्यामुळे हे निदान डॉक्टरांनाही सोयीचे वाटते आणि घरच्यांनाही दिलासा देते. आम्हीही पहिले दोन दिवस तेच धरून चाललो. वास्तविक तीन गोष्टी त्याच्याशी जुळत नव्हत्या. एक तर आवाज श्वास आत घेतानाही येत होता आणि बाहेर सोडतानाही. स्वरयंत्राच्या मऊपणात तो मुख्यतः आत घेताना येतो. दुसरे असे की, बाळाला पालथे धरल्याने आवाज फारसा उतरत नव्हता. तिसरी गोष्ट आजीने सांगितली होती : “लेकरू मान मागं टाकल्याबिगर झोपतच न्हाई. मी उशीवर सरळ केली की घरघर वाढती.” रात्रपाळीच्या सिस्टरांनी हे नोंदवहीत लिहूनही ठेवले होते. श्वासनळीभोवती रक्तवाहिन्यांचा विळखा असलेली बाळे मान मागे ताणून धरतात, कारण त्या स्थितीत श्वासनळी ताणली जाऊन थोडी मोकळी राहते. सकाळच्या फेरीत डॉक्टर परिचारिकांची नोंद क्वचितच वाचतात आणि त्या दिवशीही आम्ही ती वाचली नाही.

चौदाव्या दिवशी दूध पाजताना बाळ निळे पडले. ऑक्सिजन दिल्यावर मिनिटभरात रंग परतला, पण त्यानंतर मात्र ‘थांबून पाहू’ म्हणणे आम्हाला शक्य राहिले नाही.

समोर असलेले पर्याय

जन्मजात रक्तवाहिन्यांचे विळखे अनेक प्रकारचे असतात. गर्भात आरंभी महाधमनीच्या कमानींच्या जोड्या असतात. त्यांतील चौथ्या जोडीची डावी बाजू साधारणपणे टिकते आणि उजवीचा बराचसा भाग विरून जातो. दोन्ही टिकल्या, तर श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्याभोवती पूर्ण कडे तयार होते. याला दुहेरी महाधमनी-कमान म्हणतात. कमान उजवीकडे असेल आणि डावीकडून रक्तवाहिनीचा बंद झालेला दोरीसारखा अवशेष तिला जोडलेला असेल, तरीही कडे पूर्ण होते. तिसऱ्या प्रकारात फुप्फुसाकडे जाणारी डावी धमनी उजव्या धमनीतून निघून श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्या मधून वळसा घेते. या प्रकारात श्वासनळीची कूर्चेची (मऊ, लवचीक हाडाची) कडी अनेकदा पूर्ण गोल असतात, म्हणजे नळी मुळातच अरुंद असते, आणि तसे असले की शस्त्रक्रियेचे स्वरूप पार बदलते. म्हणून विळखा आहे एवढे समजून भागत नाही; तो कोणता, हेही कळावे लागते.

दुर्बिणीने श्वासनळी पाहणे हा एक मार्ग होता. तीन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी लागणारी बारीक लवचीक दुर्बीण आमच्याकडे नव्हती. बेरियम पाजून अन्ननलिकेचा एक्स-रे घेणे हा जुना आणि स्वस्त मार्ग आहे. अन्ननलिकेवर मागून दाब दिसला तर कमानीचा विळखा, आणि पुढून दिसला तर फुप्फुस-धमनीचा वळसा, असा ठोकताळा त्यातून बांधता येतो. पण दूध पिताना निळ्या पडणाऱ्या बाळाला बेरियम पाजण्यास आम्ही धजलो नाही. सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनने, निर्णायक उत्तर मिळाले असते. मात्र त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागते, किरणोत्सर्ग असतो आणि बाळ हलू नये म्हणून गुंगीचे औषध द्यावे लागेल की काय, ही मुख्य भीती होती. श्वासनळी आधीच दाबलेली असताना गुंगीने स्नायू सैल पडले, तर नळी पूर्ण मिटू शकते. क्ष-किरण विभागातील सहकाऱ्यांनी रास्त प्रश्न विचारला : “लॅरिंगोमलेशियासाठी सीटी कशाला?” त्यावर आमच्याकडे संशयापलीकडे उत्तर नव्हते.

चौथा मार्ग म्हणजे फुप्फुसकार्य चाचणी. नवजात बाळाला ‘जोरात फुंकर मार’ असे सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्यांची स्पायरोमेट्री येथे चालत नाही. त्याऐवजी बाळ शांत झोपलेले असताना तोंड आणि नाक झाकेल असा छोटा मास्क लावून त्याच्या नेहमीच्या श्वासाचा प्रवाह मोजतात आणि प्रत्येक श्वासाचा प्रवाह-आयतन आलेख, म्हणजे लूप, काढतात. या पद्धतीची मानके युरोपीय आणि अमेरिकी श्वसनवैद्यक संस्थांच्या संयुक्त गटाने २००० साली प्रसिद्ध केली. आमच्या विभागात एका जुन्या संशोधनासाठी आणलेले प्रवाहमापक यंत्र कपाटात पडून होते. दोन निवासी डॉक्टरांना ते चालवता येत होते.

खाटेजवळची चाचणी

पहिला प्रयत्न चौदाव्या दिवशी रात्री केला आणि तो पूर्ण फसला. मास्कच्या कडेने हवा गळत होती, त्यामुळे आत घेतलेली हवा आणि बाहेर सोडलेली हवा यांचा हिशेब जुळेना. लूप बंदच होत नव्हता. मास्क घट्ट दाबला की बाळ जागे होई. शिवाय चेहऱ्यावर दाब पडला की नवजात बाळाच्या श्वासाची लय बदलते, म्हणजे मापन साधले तरी ते नेहमीच्या श्वासाचे राहत नाही.

सोळाव्या दिवशी पहाटे पाच वाजता पुन्हा प्रयत्न केला. आईचे दूध नळीने देऊन अर्धा तास झाला होता. कक्षातले मोठे दिवे बंद करून बाळाला दुपट्यात सैल गुंडाळले, उताणे ठेवले आणि खांद्याखाली पातळ घडी देऊन मान मध्यम स्थितीत आणली. मास्कच्या कडेला सिलिकॉनच्या मऊ लगद्याची वळी लावली. त्यामुळे गळती थांबली आणि मास्कच्या आतली मोकळी जागाही कमी झाली. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास जेमतेम चहाच्या तीन-चार चमच्यांएवढा असतो. मास्कमध्ये तेवढीच जागा रिकामी राहिली, तर बाळ स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहते आणि श्वास वाढतात. मोजणीपूर्वी ठरावीक आयतनाच्या सिरिंजने यंत्र जुळवून घेतले. नवजात बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते आणि त्या झोपेत श्वास अनियमित चालतो, म्हणून पापण्यांखालची हालचाल थांबून श्वास एकसारखा होईपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग सलग ३० श्वास घेतले.

आकडे असे आले : वजन २ किलो ९०० ग्रॅम, श्वास मिनिटाला ५८, प्रत्येक श्वासाचे आयतन १७ मिलिलिटर, म्हणजे किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर. एवढ्यावरून काहीच बिघडलेले दिसत नव्हते. श्वास सोडताना प्रवाह कमाल पातळीला पोहोचायला लागलेला वेळ आणि श्वास सोडण्याचा एकूण वेळ यांचे गुणोत्तर या चाचणीत सर्वाधिक वापरले जाते. फुप्फुसाच्या आतल्या बारीक नलिका आकसलेल्या असल्या की ते घटते. या बाळाचे सरासरी गुणोत्तर ०.३८ आले, आणि यंत्र चालवणाऱ्या निवासी डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकून ‘चाचणी सामान्य’ असा शेरा लिहिलाही.

पहिला खरा निर्णयबिंदू येथे होता. सरासरी बाजूला ठेवून तीसही श्वासांचे गुणोत्तर वेगवेगळे पाहिले, तेव्हा ते ०.२१ पासून ०.५९ पर्यंत विखुरलेले निघाले. शांत झोपेत, एकसारख्या श्वासात, एवढे अंतर का पडावे? कारण लूपच्या आकारात दिसले. निरोगी बाळाच्या लूपची उच्छ्वासाची बाजू झपकन चढते, एक ठळक शिखर गाठते आणि हळूहळू उतरते. या बाळाची ती बाजू पालथ्या घातलेल्या परातीसारखी होती : कडेला उतार आणि वर सपाट. सपाट भागावर शिखर नसतेच. यंत्र त्यातला कोणता तरी किंचित उंच बिंदू ‘कमाल’ म्हणून उचलते, तो बिंदू दर श्वासाला जागा बदलतो, आणि अशा भटकत्या बिंदूंची सरासरी योगायोगाने सामान्य दिसते. म्हणजे अडथळा पुरेसा तीव्र असल्यामुळेच गुणोत्तर निरर्थक झाले होते.

आकाराने आणखी एक गोष्ट सांगितली. अडथळा छातीच्या बाहेर, स्वरयंत्राजवळ आणि मऊ स्वरूपाचा असेल, तर श्वास आत घेण्याची बाजू सपाट होते. छातीच्या आत मऊ अडथळा असेल, तर श्वास सोडण्याची. दोन्ही बाजू कापल्यासारख्या दिसल्या, तर नळी एखाद्या ठिकाणी कायमची अरुंद असावी. येथे दोन्ही बाजू सपाट होत्या, सोडण्याची अधिक. लॅरिंगोमलेशियाचे चित्र उलट असायला हवे होते. मान थोडी मागे नेऊन आणखी दहा श्वास घेतले, तेव्हा परातीचा सपाटपणा किंचित गोलावला. मान मागे नेल्याने घशाचीही रचना बदलते, म्हणून या शेवटच्या निरीक्षणावर फार भार देता येत नाही. पण आजीचे वाक्य पडद्यावर उमटलेले पाहिल्यावर नोंदवही उघडली गेली, ती त्याच वेळी.

निदान

त्याच सकाळी जुना एक्स-रे पुन्हा लाइटबॉक्सवर लावला. आतापर्यंत सर्वांनी त्यात फुप्फुसे पाहिली होती. कमान डावीकडे असते तेव्हा श्वासनळी किंचित उजवीकडे सरकलेली दिसते. येथे ती मधोमध होती आणि उजव्या कडेला तिच्यावर हलकी खाच पडली होती. नवजात बाळात थायमस ग्रंथीची सावली कमान झाकते, त्यामुळे कमान दिसत नाही अशी सबब देता येते. श्वासनळी मात्र दिसत होती. छातीच्या वरच्या टोकाकडून पुन्हा इको केला तेव्हा दोन कमानी दिसल्या, उजवी मोठी आणि डावी लहान.

आता सीटीला कोणाचा आक्षेप उरला नाही. गुंगीचे औषध न देता, दूध पाजून आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून सतराव्या दिवशी सीटी अँजिओग्राफी केली. बाळ पूर्ण वेळ झोपले. ज्या भीतीमुळे आम्ही दोन दिवस मागे राहिलो, ती भीती वेगवान यंत्रावर मुळात तेवढी खरी नव्हती. दोन्ही कमानींनी श्वासनळी आणि अन्ननलिका यांना पूर्ण वेढलेले होते. मानेकडे जाणाऱ्या दोन आणि हातांकडे जाणाऱ्या दोन अशा चार धमन्या श्वासनळीभोवती चौकटीसारख्या मांडलेल्या दिसत होत्या. कड्याच्या वर श्वासनळीचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर होता, तर कड्यात २.५ मिलिमीटर. संथ प्रवाहात नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की विरोध सोळा पट होतो. नवजात बाळाच्या श्वासनळीत सूज येऊन अर्धा मिलिमीटर गेला तरी जिवावर का बेतते, हे वडिलांना समजावताना आम्ही कागदाच्या दोन सुरनळ्या करून त्यांना फुंकायला लावल्या. ते आदल्या रात्री फडावरून निघून एसटीने आले होते.

प्रवासापूर्वीचे निर्णय

शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातील बाल-हृदयशस्त्रक्रिया केंद्रात जायचे होते. रस्ता पाच तासांचा. शासकीय आरोग्य योजनेतून खर्च मंजूर होण्यासाठी रेशनकार्ड लागत होते आणि ते गावी होते; आरोग्यमित्रांनी पाठपुरावा केला तरी कागद जमेपर्यंत विसावा दिवस उजाडला. त्या तीन दिवसांत दोन बाबींवर विचार झाला.

पहिली बाब दुधाच्या नळीची. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, “अन्ननलिकेत नळी किती दिवसांपासून आहे?” ती नवव्या दिवसापासून होती. कड्यात आवळलेल्या अन्ननलिकेत नळी दीर्घकाळ राहिली, आणि त्यातच श्वासनळीतही नळी घातली गेली, तर दोहोंच्या दाबाने अन्ननलिका आणि महाधमनी यांच्यामध्ये भोक पडून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. हे पुस्तकात वाचलेले होते, पण खाटेशी उभे असताना कोणालाही आठवले नव्हते. नळी त्याच तासाला काढली. आई दूध काढून देई आणि आम्ही ते बाळाची मान मागे ठेवून थोडे थोडे चमच्याने पाजत होतो. उरलेली गरज शिरेतून भागवली.

दुसरा प्रश्न असा की, प्रवासाआधी श्वासनळीत नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर घ्यावे काय. रुग्णवाहिकेत अवघड प्रसंग उद्भवण्यापेक्षा आधीच नळी घालणे सुरक्षित, असे आमच्यातील काहींचे मत होते. विरुद्ध मत असे की, अरुंद भाग श्वासनळीच्या खालच्या टोकाकडे आहे. नेहमीच्या खोलीवर थांबलेली नळी अडथळ्याच्या वरच राहील, फायदा होणार नाही, आणि सूज आली तर तोटा होईल. शेवटी नाकातून सततच्या दाबाची हवा देत, मान मागे ठेवून न्यायचे ठरले. त्या दाबाने मऊ नळी उघडी राहण्यास मदत होते. सोबत एक डॉक्टर आणि एक सिस्टर गेल्या, ३ आणि ३.५ मापाच्या नळ्या तयार होत्या, आणि वेळ आलीच तर नळी अरुंद भागाच्या पलीकडे किती खोल न्यावी लागेल हे सीटीवरून मोजून चिकटपट्टीवर लिहून घेतले होते. चिकटपट्टी वापरावी लागली नाही.

शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतर

अशा कड्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रॉबर्ट ग्रॉस यांनी बोस्टनमध्ये १९४५ साली केली. तंत्र पुष्कळ सुधारले असले, तरी तत्त्व तेच आहे : लहान कमान तोडून कडे उघडायचे. तेविसाव्या दिवशी डाव्या बाजूने, चौथ्या बरगडीखालून छाती उघडली. डाव्या कमानीला आधी तात्पुरता चिमटा लावून दोन्ही हात आणि पाय यांच्या नाड्या टिकून आहेत हे पाहिले, मग ती तोडली. जोडीला असलेला दोरीसारखा अवशेषही तोडला, कारण तो राहिला तर कडे पुन्हा पूर्ण राहते. दुसऱ्या दिवशी बाळ व्हेंटिलेटरवरून निघाले आणि आठवड्याभरात अंगावर पिऊ लागले. कमानीच्या अशा दोषांसोबत कधी कधी आढळतो म्हणून गुणसूत्र २२ मधील तुकडा गळाल्याची तपासणीही करून घेतली. ती नकारात्मक आली.

घरघर मात्र थांबली नाही. पहिल्या फेरतपासणीला आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, एवढं कापलं, तरी आवाज हायच की!” त्यांचा रोष आम्ही ओढवून घेतला होता. शस्त्रक्रियेआधी संमती घेताना रक्तस्राव, संसर्ग, आवाज बसणे असे सारे सांगितले. आवाज महिनोन्महिने राहू शकतो, हे सांगायचे राहिले. जन्माआधीपासून आवळलेल्या भागातील कूर्चा मऊ राहिलेली असते. कडे सुटले तरी तो भाग श्वास सोडताना काही काळ मिटत राहतो.

सहा आठवड्यांच्या वयात चाचणी पुन्हा केली. श्वास आत घेण्याची बाजू आता गोल झाली होती, सोडण्याची बाजू अजून बसकी होती. कायमचा अरुंदपणा गेला आणि छातीतला मऊपणा उरला, असा त्याचा अर्थ होता. पुन्हा शस्त्रक्रिया लागेल काय या घरच्यांच्या प्रश्नाला ठोस उत्तर देता आले, आणि दुसरी सीटीही टळली. दोन आलेखांचे कागद शेजारी ठेवून आजीला दाखवले, तेव्हा त्यांनी बोट फिरवून एका बाजूचा फरक स्वतःच ओळखला.

या दुसऱ्या चाचणीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. सर्दीच्या वेळी गावाकडच्या दवाखान्यात बाळाला दमा ठरवून श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाची वाफ देण्यात आली आणि घरघर वाढली. श्वासनळीच्या मागच्या भिंतीतला स्नायू अशा औषधाने सैल पडला, की मऊ नळी आणखी मिटते. आम्ही एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले : ‘या बाळाला दमा नाही. श्वासनळी मऊ आहे. वाफेचे औषध आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नये.’ खाली दूरध्वनी क्रमांक लिहिला. लसीकरणाच्या कार्डाला तो कागद आजीने टाचणीने जोडला.

वेगळे काय करता आले असते

चाचणीचे कौतुक करताना एक हिशेब लपवता येत नाही. पहिल्या फसलेल्या रात्रीपासून सीटीपर्यंत तीन दिवस गेले. दोन्ही श्वासांतली घरघर, मागे टाकलेली मान आणि दूध पिताना निळे पडणे, एवढ्या तीन गोष्टींवर सीटी अँजिओग्राफी थेट मागणे पुरेसे सयुक्तिक होते. आमच्याच कक्षात अशी बाळे पुन्हा आली, तर आम्ही चाचणीसाठी सीटी थांबवणार नाही. झोपलेल्या बाळाची चाचणी सीटीची वाट पाहताना करता आली तर करावी, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या तुलनेसाठी आधीचा आलेख हवा असतो. तेथे तिला तोड नाही.

चाचणीने अडथळा कोठे आहे आणि कोणत्या स्वभावाचा आहे एवढेच सांगितले. तो कमानीचा, फुप्फुस-धमनीचा की जन्मतःच अरुंद कूर्चेचा, हे तिला सांगता येत नाही. सौम्य विळख्यात शांत झोपेतला लूप अगदी सामान्यही येऊ शकतो, कारण संथ श्वासाला अरुंद नळीही पुरते आणि रडताना अपुरी पडते. म्हणून सामान्य आलेख हातात आला, तरी लक्षणे ठळक असतील तर शोध सोडता कामा नये. आमच्या विभागात आता गुणोत्तराची सरासरी एकटी लिहीत नाहीत. सोबत विखुरलेपणा आणि लूपचे चित्र जोडतात. निवासी डॉक्टरांचा ‘चाचणी सामान्य’ हा खोडलेला शेरा त्या धारिकेत तसाच ठेवला आहे.

जिल्ह्याच्या कक्षातील डॉक्टरांशी याविषयी सविस्तर बोलणे झाले. त्यांच्या एक्स-रे नोंदीच्या छापील तक्त्यात ‘श्वासनळी : मधोमध, उजवीकडे, डावीकडे’ अशी एक ओळ वाढवली गेली, आणि इकोच्या विनंतीपत्रात ‘कमान कोणत्या बाजूला?’ हा प्रश्न आला. यासाठी पैसा लागला नाही. दुधाच्या नळीबाबत मात्र माझे समाधान झालेले नाही. विळख्याचा नुसता संशय असतानाच ती काढायला हवी होती, आणि बाळ वाचले यात त्या बाबतीत आमचे श्रेय काही नाही.

नवव्या महिन्यात तिसरी चाचणी झाली. मुलगी आता मास्क सहन करण्यापलीकडे गेली होती. दुपारच्या गाढ झोपेत कसेबसे १२ श्वास मिळाले. उच्छ्वासाची बाजू चढून उतरत होती, उतार थोडा घाईचा होता. वजन ७ किलो २०० ग्रॅम भरले. दसरा दोन आठवड्यांवर आला होता आणि टोळी निघायच्या तयारीत होती. आईने विचारले की हिला कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, न्यायचे की आजीपाशी ठेवायचे. चुलीचा धूर, पाचटाची धूळ आणि पहाटेची थंडी यांत मऊ श्वासनळीचे काय होईल ते आम्ही सांगितले, आणि अंगावरचे दूध तुटले तर काय होईल तेही सांगितले. त्या वर्षी वडील एकटेच फडावर गेले. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, म्हणून अर्ध्या कोयत्याची उचल मुकादमाला परत करावी लागली.